मॉर्फिनची सवय मेंदूला होते, मोठ्या आतड्याला नाही

संभाजीनगर किंवा लातूरला दाखवून, मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन गावी परतलेल्या कर्करोगाच्या पेशंटला सुरुवातीचे काही दिवस मळमळ होते, पेंग येते. आठवड्याभरात बहुतेकांचा हा त्रास ओसरतो, कारण शरीर औषधाला सरावतं. काही महिन्यांनी तर दुखण्यासाठीही डोस वाढवावा लागू शकतो. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही. पहिल्या आठवड्यात पोट जसं जाम होतं, तसंच सहाव्या महिन्यातही राहतं. एकच औषध, एकच शरीर, मग एका अवयवाला सवय होते आणि दुसऱ्याला का होत नाही?

मॉर्फिन अफूतूनच निघतं, आणि पोट अडणं हा अफूचा नवा अवगुण नाही. हगवणीवर अफू देत ती याच गुणासाठी. जुलाब थांबवणारी आजची लोपेरामाइडची गोळी त्याच कुळातली आहे. ती मेंदूत शिरू लागली की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले पंप तिला बाहेर ढकलतात, म्हणून तिने नशा येत नाही, फक्त आतडं थांबतं.

आतड्याच्या भिंतीतले स्नायू अनैच्छिक असतात, आपल्या हुकमावर चालत नाहीत. त्यांना हुकूम देणारं चेतापेशींचं जाळं भिंतीतच असतं, आणि त्या पेशी कोट्यवधी असतात. औषध स्नायूला धरतं की चेतापेशीला, हे गिनीपिगच्या आतड्यावरच्या प्रयोगांनी दाखवलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची पट्टी ३७ अंशांच्या क्षारद्रावणात टांगायची, द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं. ठरावीक अंतराने विजेचा सौम्य झटका दिला की चेतातंतू ॲसिटिलकोलीन हे स्नायूला हुकूम पोचवणारं रसायन सोडतात आणि पट्टी आखडते. द्रावणात मॉर्फिन टाकलं की हे आखडणं मंदावतं. १९५७ मध्ये औषधशास्त्रज्ञ पेटन यांनी दाखवलं की मॉर्फिनमुळे सुटणारं ॲसिटिलकोलीनच कमी होतं. आता तेच ॲसिटिलकोलीन बाहेरून थेंबाने टाका, पट्टी मॉर्फिन असतानाही व्यवस्थित आखडते. म्हणजे बोअरची मोटर ठणठणीत आहे, लाइटच खाली आली आहे.

लाइट खाली कशी येते? चेतापेशीवर ‘म्यू’ नावाचे ग्राही असतात. मॉर्फिन त्यांना चिकटलं की पेशीतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी सुस्तावते. तंतूच्या टोकाला कॅल्शियमची दारं बंद होतात. कॅल्शियम आत आल्याशिवाय ॲसिटिलकोलीनच्या पिशव्या फुटत नाहीत. शिवाय पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायनही घटतं.

पण एवढ्यावर सगळं संपत नाही. स्नायूला सैल हो म्हणणारे तंतूही याच जाळ्यात असतात, त्यांचं रसायन नायट्रिक ऑक्साइड. मॉर्फिन त्यांनाही गप्प करतं. घास पुढे जायला मागचा स्नायू आवळावा लागतो आणि पुढचा सैल पडावा लागतो. दोन्ही हुकूम बंद पडले की आतडं ढिलं पडत नाही, उलट जागच्या जागी आवळत राहतं. शेवटचा दरवाजा, गुदद्वाराचा स्नायूही घट्ट होतो. अस्तराखाली चेतापेशींचं दुसरं जाळं असतं, मॉर्फिनने तेही गप्प होतं आणि आतड्यात सुटणारं पाणी घटतं. मळ जितका रेंगाळेल तितकं मोठं आतडं त्यातून पाणी शोषतं, आणि शेवटी खडा होतो. बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात हा खडा किती लवकर बनतो, ते वेगळं सांगायला नको.

आता दीर्घ वापराकडे येऊ. आठवडे-महिने मॉर्फिन मिळत राहिलं तर पेशी स्वतःला जुळवून घेते. सायक्लिक एएमपी बनवणारं यंत्र ती जास्त जोराने चालवू लागते. १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे दाखवलं. लाइट सतत खाली असली की घरात स्टॅबिलायझर चढवून ठेवतात, तसाच हा प्रकार. पण लाइट एकदम पूर्ण आली तर? औषध अचानक बंद झालं की हेच होतं: चढवलेलं यंत्र मोकाट सुटतं, पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात. सवय लागलेल्या आतड्याच्या पट्टीवर नालोक्सोन हे उतारा-औषध टाकलं तर ती कडकडून आखडते. मॉर्फिन कधी न पाहिलेल्या पट्टीला त्याच नालोक्सोनने फारसं काही होत नाही. म्हणूनच बरेच दिवस चाललेली गोळी एका रात्रीत बंद करायची नाही, डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात.

आणि मोठं आतडं? उंदरांवरच्या प्रयोगांत लहान आतड्याला मॉर्फिनची सवय झाली, मोठ्या आतड्याला झाली नाही. ग्राही पेशीच्या आत ओढून त्यांची सोय लावणारं बीटा-ॲरेस्टिन-२ नावाचं प्रथिन आहे. लहान आतड्यात सततच्या मॉर्फिनने ते घटतं, मोठ्यात टिकून राहतं. ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हतं, त्यांच्या मोठ्या आतड्यालाही सवय झाली. याचा सरळ अर्थ असा निघतो की प्रथिन शाबूत असेपर्यंत मोठ्या आतड्यातले ग्राही पुन्हा ताजे होत राहतात आणि प्रत्येक गोळीला पहिल्यासारखाच प्रतिसाद देतात. माणसातलं चित्र त्याच्याशी जुळतं.

तेव्हा ‘सवय होईल’ म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पोट साफ करणारं औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीसोबतच सुरू करायचं. बिसाकोडिल ५ मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या झोपताना दिल्या तर सकाळी परसाकडं होतं. ती दुधासोबत किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेऊ नये. तिचं वरचं आवरण आतड्यात विरघळायचं असतं, यांच्यासोबत ते जठरातच विरघळतं आणि मुरडा येतो. रात्री दुधाचा ग्लास घेण्याची सवय असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मळ मऊ ठेवायला लॅक्टुलोज १५ ते ३० मिलिलिटर, त्याचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो आणि गॅस होतो. नाहीतर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात. इसबगोल मात्र इथे चुकीचा. तो पाणी शोषून फुगतो, आतडं पुढे ढकलत नाही आणि पाणी कमी पडलं तर तोच गोळा होऊन अडकतो.

आजीच्या एरंडेलाची बाजू इथे घ्यावीच लागेल. त्यातून आतड्यात सुटणारं रिसिनोलेइक आम्ल स्नायूवरच्याच ‘ईपी-३’ या ग्राहीला धरतं. २०१२ मध्ये उंदरांवर हे सिद्ध झालं. चेतापेशी गप्प असताना थेट मोटरला हात घालणारं हे तेल. पण मुरडा जोराचा येतो, गरोदरपणी वर्ज्य, आणि रोजचं औषध ते नव्हे. याशिवाय मिथाइलनाल्ट्रेक्सोनसारखी उतारा-औषधं आहेत, ती मेंदूत फारशी शिरत नाहीत. आतड्यातला मॉर्फिनचा अंमल उतरतो, दुखण्यावरचा टिकतो.

पाठीच्या, गुडघ्याच्या दुखण्यावर सर्रास लिहिली जाणारी ट्रामाडोल ३७.५ आणि पॅरासिटामोल ३२५ मिलिग्रॅमची जोडगोळीही अफूच्याच वर्गातली आहे, आणि कोडीनचं खोकल्याचं औषधही. मूत्राशयाचा स्नायूही याच पद्धतीने मंदावतो. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला गोळी सुरू झाल्यावर लघवी तुंबली तर कारण इथे शोधावं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पातळ जुलाब. आठवडाभर पोट साफ नाही आणि अचानक पाण्यासारखं होऊ लागलं की घरचे लोपेरामाइड आणतात. प्रत्यक्षात खडा गुदाशयात बसलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने पाझरतं. लोपेरामाइडने आतडं आणखी गप्प होतं. अशा वेळी आधी डॉक्टरांनी बोटाने तपासून खडा काढायला हवा. पोट दगडासारखं ताठ, उलट्या, वायूही सरत नाही अशी लक्षणं असतील तर एरंडेल, बिसाकोडिल काहीही न देता त्याच तासाला दवाखाना गाठायचा, कारण आतडं खरोखर अडलेलं असू शकतं.