रिपोर्टमधील ‘मिथायलेटेड’ म्हणजे नेमके काय?

(आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी)

कॉलेज रोडवरील आमच्या लॅबमधून रिपोर्ट नेलेले अनेक जण पुन्हा काउंटरवर येतात आणि एकाच ओळीवर बोट ठेवतात : ‘एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन – आढळले’. मग दोन प्रश्न येतात. जनुक खराब झाले का? आणि आमच्या मुलाबाळांना हे होणार का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचे ‘बहुधा नाही’. गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या एवढेच सांगता येते आणि त्याने कुणाचे समाधान होत नाही. म्हणून हे पत्रक.

आपल्या पेशींत वाढीला लगाम घालणारी काही जनुके असतात. आरबी१, टीपी५३, पी१६, बीआरसीए१ ही त्यांतली नेहमी कानावर पडणारी नावे. पेशीचे विभाजन कधी थांबवायचे, डीएनएमध्ये झालेली चूक कशी दुरुस्त करायची, दुरुस्त होत नसेल तर पेशीने मरायचे कधी, ही कामे यांच्याकडे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये मांडले की, असा रोग व्हायला दोन घाव बसावे लागतात. पुढे त्याचा उलगडा झाला : लगामाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच गाठ वाढते.

निकामी म्हणजे जनुकातली अक्षरेच बदललेली, असे बरीच वर्षे धरून चालले होते. १९८९ मध्ये मात्र रेटिनोब्लास्टोमाच्या काही गाठींत आरबी१ जनुकाच्या तोंडाशीच मिथायलेशन, म्हणजे अक्षरे न बदलता जनुक बंद करणारी रासायनिक खूण, सापडले. १९९४ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगात व्हीएचएल आणि १९९५ मध्ये अनेक प्रकारच्या गाठींत पी१६ ही जनुके याच प्रकारे बंद पडलेली दिसली.

हे होते कसे? डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ला लागून ‘जी’ आले की त्या ‘सी’वर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट बसू शकतो : एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. जनुकाच्या सुरुवातीला प्रमोटर असतो. जनुक वाचायचे की नाही, हे तिथे ठरते. तिथे अशा जोड्या दाटीने असतात आणि निरोगी पेशीत त्या बहुतांशी मोकळ्या असतात. कर्करोगात त्यांच्यावर मिथाइल गटांची गर्दी होते. ते गट ओळखणारी प्रथिने तिथे येऊन चिकटतात, सोबत आणखी एन्झाइमे आणतात, आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती गुंडाळी घट्ट होते. मग वाचणाऱ्या यंत्रणेला बसायला जागाच उरत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींना हे सातबाऱ्यावरून चटकन कळते. मालकाचे नाव तेच, क्षेत्र तेवढेच, पण इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढला की व्यवहार अडतो. नवा उतारा काढला तरी बोजा त्यावर छापूनच येतो. पेशीतही तसेच घडते. विभाजनाच्या वेळी डीएनएमटी१ हे एन्झाइम जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावर तशाच खुणा करते, त्यामुळे एका पेशीत बंद झालेले जनुक तिच्या साऱ्या वंशावळीत बंद राहते. बोजा मात्र उतरवता येतो, त्याबद्दल पुढे.

आता मुलाबाळांचा प्रश्न. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के गाठींत डीएनए-दुरुस्तीची एक यंत्रणा बंद असते. एमएलएच१ हे त्याच यंत्रणेतले जनुक. गाठीत त्याचे प्रथिन दिसले नाही तर मुख्यतः दोन शक्यता उरतात. एक म्हणजे लिंच सिंड्रोम. यात जनुकातला दोष जन्मतःच असतो आणि भावंडांची, मुलांची तपासणी करावी लागते. दुसरी, जनुक धडधाकट आहे पण गाठीत मिथायलेशनने बंद झाले आहे. दुसरा प्रकार बराच जास्त आढळतो, तोही बहुधा उतारवयात आणि आतड्याच्या उजव्या भागात. सोबत बीआरएएफ या दुसऱ्या जनुकात व्ही६००ई हा बदल सापडला तर दुसऱ्या शक्यतेला आणखी बळ मिळते. म्हणजे ‘मिथायलेशन आढळले’ ही ओळ घरच्यांसाठी बहुतेक वेळा दिलाशाची असते. ‘बहुतेक’ हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे. रुग्ण तरुण असेल किंवा घराण्यात आतड्याचे वा गर्भाशयाचे कर्करोग झाले असतील, तर या ओळीवर विसंबून राहू नका. रक्तावरची आनुवंशिक तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात तर हाच शब्द चक्क बरी बातमी ठरतो. तिथे एमजीएमटी हे दुरुस्तीचे जनुक पाहिले जाते. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला जी इजा करते, ती एमजीएमटी भरून काढते. ते बंद असेल तर औषध अधिक लागू पडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एमजीएमटी मिथायलेटेड असलेल्या रुग्णांत केवळ रेडिएशन घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १५.३ महिने होते, तर सोबत टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांचे २१.७ महिने. त्यामुळे शेजारच्या पेशंटच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहू नये. शब्द एकच असला तरी जनुक कोणते, गाठ कुठली, यावर अर्थ ठरतो.

बोजा उतरवणारी औषधे आहेत. अ‍ॅझासिटिडीनला २००४ मध्ये आणि डेसिटाबिनला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, दोन्ही मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या विकारासाठी. ती डीएनएत ‘सी’च्या जागी शिरतात आणि मिथाइल बसवणाऱ्या एन्झाइमांना अडकवून ठेवतात. मात्र ती जनुक निवडून काम करत नाहीत, आणि आतड्याच्या किंवा स्तनाच्या गाठीवर ती आजचा नेहमीचा उपचार नाहीत. ‘बंद जनुके उघडणारी’ चूर्णे आणि काढे मोबाइलवर फिरत असतात. आमच्याकडे तसले काही मिळत नाही, आणि कुणी आमचे नाव सांगून विकत असेल तर कृपया आम्हाला कळवा. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका.

तपासणीसाठी आम्हाला मेणाचा ब्लॉक लागतो. ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज केल्यावर तो मिळतो : प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेली मेणाची वडी, आत काड्यापेटीच्या गुलाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, गाठीचा करडा तुकडा, कडेला नंबर. सोबत रंगवलेली स्लाइड आणि बायोप्सी रिपोर्टची प्रत आणा. आमचे पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर पेनाने गाठीचा भाग आखतात आणि तेवढ्याच भागातून डीएनए काढतात. निरोगी पेशी जास्त आल्या तर निकाल फसवा येऊ शकतो. मग त्या डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया होते. मोकळे ‘सी’ बदलून ‘टी’सारखे वाचले जाते, मिथाइल असलेले ‘सी’ तसेच राहते. या प्रक्रियेत डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून फारच लहान किंवा फार जुना नमुना असेल तर ‘नमुना अपुरा’ असा शेरा येऊ शकतो. त्याचा अर्थ रोग नाही, असा नव्हे.

सिन्नर, येवला, मालेगावहून येणाऱ्यांना एक विनंती. एप्रिल-मेमध्ये ब्लॉक बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका; हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते. हातातल्या पिशवीत आणा, फ्रिजची गरज नाही. ताजा तुकडा पाठवायचा असेल तर तो फॉर्मेलिनमध्येच हवा, सलाइनमध्ये नको.

काम झाल्यावर ब्लॉक आम्ही परत देतो. पुढे टाटाला किंवा दुसरीकडे दाखवायला गेलात तर तोच मागतील. परत घेताना चौकटीवरचा नंबर बायोप्सी रिपोर्टवरच्या नंबराशी काउंटरवरच जुळवून पाहा.