मानचिन्हे : प्राणी व वनस्पती (राष्ट्रीय आणि राज्य)

देशाने किंवा राज्याने आपली ओळख म्हणून मान्य केलेल्या प्राणी, पक्षी, वृक्ष, फूल इत्यादींच्या प्रजाती म्हणजे मानचिन्हे. भारताची राष्ट्रीय मानचिन्हे म्हणून वाघ, मोर, कमळ, वड, आंबा (फळ) आणि गंगेतील डॉल्फिन (जलचर) यांची नावे घेतली जातात. महाराष्ट्राची मानचिन्हे शेकरू (झाडावरची मोठी खार, प्राणी), हरियाल (हिरवे कबूतर, पक्षी), आंबा (वृक्ष), तामण (फूल) आणि २०१५ पासून नीलवंत हे फुलपाखरू. राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. पुढे पांढरी चिप्पी (कांदळवृक्ष, २०२०) आणि पापलेट (२०२३) यांची भर पडली. ही दोन्ही किनाऱ्याची. नागपूरकरांना त्यांपैकी पापलेट तेवढे भेटते, तेही बर्फात.

निवडीत साधारणपणे आढळक्षेत्र, लोकांची ओळख, परंपरेतील स्थान आणि संवर्धनाची निकड पाहिली जाते. हे निकष एकमेकांशी जुळतातच असे नाही. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, तेव्हा पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता. मोर सर्वत्र होता आणि सर्वांना ठाऊक होता. माळढोकाकडे लक्ष वळणे गरजेचे होते. आज माळढोक नामशेष होण्याच्या काठावर आहे. वाघाच्या बाबतीत मात्र निकड जिंकली. १९७२ पर्यंत हा मान सिंहाकडे होता, पण तो गीरपुरता उरलेला. वाघ अनेक राज्यांत होता आणि त्या वर्षीच्या गणनेत १,८२७ इतकेच भरले. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत विदर्भातील मेळघाट होते.

एकच प्रजाती दोन देशांनी घेण्यास आडकाठी नाही. वाघ बांगलादेशाचाही राष्ट्रीय प्राणी आहे. प्रजाती जिवंत असावी असेही नाही. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकातच संपला, तरी तो त्या देशाच्या राजमुद्रेवर आहे.

यादीतील सर्व नावांचे सरकारी वजन सारखे नाही. वाघ आणि मोर रीतसर अधिसूचित आहेत. राष्ट्रीय फुलाची अधिसूचना निघालेली नाही, असे केंद्र सरकारने २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले. म्हणजे कमळ चालत आले आहे ते रूढीने. शिवाय मानचिन्ह ठरल्याने आपोआप संरक्षण मिळत नाही. ते मिळते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीतून. वाघ व मोर अनुसूची १ मध्ये आहेत आणि त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे.

राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरात, सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे. शहराभोवती पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि थोडे दूर ताडोबा, त्यामुळे राष्ट्रीय प्राणी येथून सर्वांत सोयीने पाहता येतो. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी खास भुयारी मार्ग व पूल बांधले असून त्यांखालून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. राज्य प्राण्याचे तसे नाही. शेकरूला फांदीला फांदी लागलेले उंच, सलग जंगल लागते. विदर्भात त्यासाठी मेळघाट किंवा गडचिरोली गाठावे.

हरियाल मात्र शहरातही दिसतो, फक्त नजर बसली पाहिजे. वड, पिंपळ, उंबर फळांवर आले की थवा पानांत मिसळून जातो आणि माणसाची चाहूल लागताच निश्चल होतो. झाडाखाली फळांचा सडा पडत असेल, तर दहा मिनिटे न हलता वर पाहावे. पिवळे पाय आणि खांद्यावरचा जांभळट डाग ही खूण. पोपटाची वाकडी लाल चोच नसते. थंडीत सकाळी हे पक्षी उंच, निष्पर्ण शेंड्यावर उन्हाला बसतात. ओळखायला ती वेळ सर्वांत चांगली.

फुलांच्या बाबतीत गल्लत नेहमीची आहे. लक्ष्मीपूजनाला बाजारात ‘कमळ’ म्हणून पुष्कळदा कुमुदिनी मिळते. कमळाचे पान गोल, अखंड असून देठ त्याच्या मध्यावर जोडलेला असतो. जुनी पाने पाण्यावर उभी राहतात आणि पानावर पाणी ठरत नाही. कुमुदिनीचे पान पाण्यावर पसरते व त्याला देठापर्यंत चीर असते. नुसते फूल हाती असेल तर पाकळ्या अलगद बाजूला कराव्या : मधोमध वरून सपाट, छिद्रे असलेला, शॉवरच्या जाळीसारखा पिवळसर भाग असेल तर ते कमळ.

तामणाच्या नावाखाली त्याच कुळातील इतर रोपेही विकली जातात. फूल गुलाबी उमलून दोन-तीन दिवसांत पांढरे पडत असेल तर ते तामण नव्हे; तामणाचे फूल जांभळे, सहा चुणीदार पाकळ्यांचे असते. हे मुळात ओढ्याकाठचे झाड. दुभाजकावर लावून पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिले नाही, तर नागपूरच्या मे महिन्यात ते टिकत नाही, आणि दोष उगाच रोपाला दिला जातो.

मोरपिसांच्या देशांतर्गत विक्रीला कायद्याने मुभा आहे ती फक्त नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसांपुरती. निर्यातीस बंदी आहे. गळलेल्या पिसाचे बूड कोरडे, स्वच्छ व गोलसर असते, उपटलेल्याच्या बुडाशी रक्ताचा किंवा ऊतीचा अंश दिसतो. म्हणूनच बूड कापलेली पिसे घेऊ नयेत, कारण कापल्यावर हा पुरावाच उरत नाही.

वडाला राष्ट्रीय वृक्ष म्हणून वेगळे कवच नाही. नागरी भागात त्याला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या सुधारणेनुसार ५० वर्षे किंवा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते. पण करवतीपेक्षा काँक्रीटने मेलेले वड मोजायला कोणी जात नाही. खोडापर्यंत रस्ता ओतला, पारंब्या छाटल्या की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आधार सुटतो आणि पावसाळ्यापूर्वीच्या वादळात झाड आडवे होते. खोडाभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवावी; जमिनीकडे निघालेल्या पारंब्या वाहतुकीला अडत नसतील तर तशाच उतरू द्याव्यात.