पॅरिसची सहल ठरवताय? शेंगेन व्हिसाचा अर्ज कुठे, कधी आणि कोणत्या कागदांवर

पॅरिससाठी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. तो युरोपातल्या शेंगेन गटाच्या 29 देशांत चालतो. लंडन मात्र त्यात येत नाही. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, पण तुमच्या व्हिसावर जेवढे दिवस छापलेले असतील तेवढेच तुमचे.

ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. पॅरिसला चार रात्री आणि स्वित्झर्लंडला पाच, तर अर्ज स्विस वकिलातीकडे. मुक्काम सारखाच असेल तर आधी जिथे उतरणार तो देश. ‘दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथूनच टाकू’ असं एजंट सांगतात. त्या भानगडीत पडू नका.

प्रवासाच्या 6 महिने आधीपासून 15 दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात. निर्णयाला साधारण 15 दिवस, क्वचित 45. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर हालचाल जानेवारीतच सुरू करावी, कारण पुढे अपॉइंटमेंटच मिळत नाही. ‘फ्रान्स-व्हिसाज’ या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरून मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी खासगी कंपनी) केंद्रात जायचं. तिथे बोटांचे ठसे घेतात (12 वर्षांखालील मुलांना माफ). केंद्र फक्त कागद जमा करतं, निर्णय वकिलातीचा.

शुल्क 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान 3 महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. सोबत फोटो, विमानाचं आरक्षण, हॉटेलची बुकिंगं आणि किमान 30,000 युरोंचा प्रवास-आरोग्य विमा. नोकरदारांनी पगाराच्या स्लिपा आणि रजामंजुरीचं पत्र, व्यावसायिकांनी नोंदणीचे कागद, आणि दोघांनीही आयकर विवरणपत्र व बँक स्टेटमेंट जोडावं. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर ती कुठून आली याचा कागद लावा, नाहीतर उसनवारीचा संशय येतो.

खरी गोची तारखांची होते. विमान 3 तारखेचं, विमा 4 पासून आणि रजा 5 पासून, असं झालं की फाइलवर विश्वास कसा बसणार? नावांचंही तसंच. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, बँकेत नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर आडनाव एका कागदावर बदललेलं, दुसऱ्यावर नाही. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र जोडावं. ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. विमानाचं तिकीट मात्र पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

पॅरिसला उतरल्यावर अधिकारी हॉटेल, विमा आणि परतीचं तिकीट पुन्हा विचारू शकतात. त्या प्रती चेक-इन बॅगेत टाकू नका.