१ नोव्हेंबर (बेळगाव सीमाभाग)

१ नोव्हेंबर ही तारीख बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. सरकारी कॅलेंडरवर त्या दिवशी कन्नड राज्योत्सवाची सुट्टी असते आणि मराठी माणूस त्याच दिवसाला काळा दिन म्हणतो. एकच शहर, एकच रस्ते, पण कुणाच्या अंगावर कन्नड झेंड्याच्या रंगाचा लाल-पिवळा शेला आणि कुणाच्या दंडावर काळी फीत. त्यामुळे इथं १ नोव्हेंबरला सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो तो आज कुठला शर्ट घालायचा, बाकी घटना, जन्म, मृत्यू वगैरे सगळं त्यानंतर.

मूळ गोष्ट १९५६ ची. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर ह्या तिघांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर रिपोर्ट दिला, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि गुरुवार, १ नोव्हेंबर १९५६ ला तो लागू झाला. दिवाळी अगदी दारात होती. तोवर बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार (म्हणजे उत्तर कन्नड) हे चार जिल्हे मुंबई राज्यात होते, ते त्या दिवसापासून म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात) गेले. बेळगाव जिल्ह्यातला फक्त चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला जोडला. ह्याचा अर्थ काय ते बघायचं तर वेंगुर्ला रोडने जावं, हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची असं करत गेलं की पुढं शिनोळी लागते, ती महाराष्ट्रात. दोन्हीकडं तीच भाषा, तीच भातशेती, सोयरीक पण तिकडची इकडं आणि इकडची तिकडं, पण सातबारा बघायचा झाला तर ह्या बाजूला उतारा कन्नडात निघतो आणि त्या बाजूला मराठीत. लोकांना राग आहे तो ह्याचाच जास्त, नकाशावरच्या रेषेचा तितका नाही.

आता दुसरी बाजू पण लिहायला पाहिजे, नाहीतर नोंद लंगडी होईल. कन्नड भाषक लोक तोवर मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कोडगू अशा पाच ठिकाणी विखुरलेले होते. आलूर वेंकटराव, जे मूळचे विजापूरचे, त्यांच्यासारखी माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकीकरणाचं बोलत होती, त्यामुळे १ नोव्हेंबर त्यांच्यासाठी खरोखर सणच आहे, ते काय कुणाला खिजवायला काढलेलं नाही. एस. निजलिंगप्पा एकत्रित राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि गंमत म्हणजे कन्नड लोकांची पण एक जखम त्याच तारखेची आहे, त्यांना हवं असलेलं कासरगोड केरळला गेलं ते त्याच दिवशी.

मराठी लोकांचा विरोध मात्र १ नोव्हेंबरला सुरू झाला असं नाही, तो आधीच पेटलेला होता. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव म्हैसूरला द्यायचा निर्णय जाहीर झाला तेव्हाच बेळगावात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली, म्हणून १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन पाळतात. १ नोव्हेंबरला महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी आपली समिती, काळा दिन पाळते. पद्धत साधारण ठरलेली आहे. सकाळी धर्मवीर संभाजी उद्यानापाशी लोक जमतात, काळे शर्ट, काळ्या फिती, सायकलींना काळे झेंडे, आणि तिथून गल्ल्यागल्ल्यांतून सायकल फेरी निघते. नावाला मूक फेरी असते पण चौक आला की कुणीतरी घोषणा सोडतंच, ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ आणि तिच्या पाठोपाठ ‘रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में’. ही दुसरी घोषणा हिंदीत का आहे हे लहानपणापासून मला कोडंच आहे. शेवटी गोवावेसला मराठा मंदिरात सभा होते. आता सायकली कमी आणि मोटरसायकली जास्त असतात, तरी म्हणायचं सायकल फेरीच. परमिशनवरून पोलिसांशी ओढाताण, नंतर गुन्हे दाखल, महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवणं, हे पण त्या दिवसाचं ठरलेलंच म्हणा की.

त्याच वेळी चन्नम्मा चौकात वेगळंच वातावरण असतं. कन्नड लोक जिला कर्नाटकाची माता मानतात त्या भुवनेश्वरी देवीचे चित्ररथ, लाल-पिवळे झेंडे, डीजे, खेड्यापाड्यातून आलेली पोरं, आणि ती मिरवणूक रात्रीपर्यंत चालते. दोन्ही गर्दी समोरासमोर येऊ नयेत म्हणून बंदोबस्त असतो. गणपत गल्लीतला दुकानदार दोन्हीकडच्या गिऱ्हाईकाशी दोन्ही भाषांत बोलतो आणि अंदाज बघून शटर अर्धं ठेवतो.

ह्या तारखेचा राज्यांच्या सीमांशी काय संबंध आहे कोण जाणे, पण लिस्ट बघितली तर मजा वाटते. १९५६ ला म्हैसूरबरोबरच केरळ, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश झाले. १९६६ ला १ नोव्हेंबरलाच पंजाब तोडून हरियाणा झालं आणि चंदीगड केंद्राकडं गेलं. म्हणजे तिकडं भाषेवरून वाटणी पूर्ण होत होती, आणि इकडं आठवडाभर आधी, २५ ऑक्टोबर १९६६ ला, सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला होता. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी १९६७ ला रिपोर्ट दिला, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट भागातली २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सांगितलं, बेळगाव शहर मात्र आहे तिथंच. कासरगोडचा बराच भाग म्हैसूरला द्यावा असं पण त्यात होतं. महाराष्ट्राने रिपोर्ट फेटाळला, कर्नाटक त्यालाच धरून बसलं, केरळने पण मानला नाही, आणि शेवटी एक गाव इकडचं तिकडं झालं नाही. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, ८६५ गावांचा दावा घेऊन. २००० ला परत १ नोव्हेंबरलाच छत्तीसगड झालं, आणि ते बघून इथल्या म्हाताऱ्यांनी काय उसासे टाकले असतील ते समजू शकतं.

नावं बदलायला पण हीच तारीख. १ नोव्हेंबर १९७३ ला, देवराज अरस मुख्यमंत्री असताना, म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. १ नोव्हेंबर २०१४ ला राज्यातल्या बारा शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुर. मराठीत बोलताना अजून सगळे बेळगावच म्हणतात, फॉर्म भरताना तेवढं बेळगावी लिहितात.

बाकी देशात आणि जगात ह्या दिवशी झालेलं थोडक्यात. १८५८ ला अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला आणि कंपनीचं राज्य संपलं, त्याच वर्षी जूनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या नरगुंदच्या संस्थानिकाला, बाबासाहेब भाव्यांना, बेळगावात फाशी दिली होती. १९५४ ला पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम फ्रेंचांनी भारताकडं सोपवलं, आपल्या शेजारच्या गोव्याला मात्र १९६१ च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. त्याच गोव्यावर राज्य करणाऱ्यांची राजधानी लिस्बन १७५५ ला ह्याच दिवशी भूकंपात उद्ध्वस्त झाली. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण असल्यामुळे सकाळी चर्चं भरलेली होती, वरून छप्परं कोसळली, मग समुद्र आत आला आणि नंतर आग. १९५२ ला अमेरिकेने पॅसिफिकमध्ये पहिला हायड्रोजन बॉम्ब उडवून बघितला. १९९३ ला युरोपियन युनियन चालू झालं, म्हणजे तिकडं सीमा पुसायचं काम सुरू.

जन्मांमध्ये सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं, १९४५, सातारा. डॉक्टर, कबड्डीचे कसलेले खेळाडू, १९८९ ला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, पुढं साधना साप्ताहिकाचे संपादक. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि दोन वर्षांनी ३० ऑगस्टला आपल्या बाजूच्या धारवाडात कन्नड अभ्यासक एम. एम. कलबुर्गींचा. तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच मोर्चात दिसले होते, इथं हे सारखं होत नाही. संगीतकार यशवंत देव १९२६ चे, मूळचे पेणचे. अभिनेत्री पद्मिनी कोल्हापुरे १९६५. ऐश्वर्या राय मंगळूरला जन्मली ती १ नोव्हेंबर १९७३ ला, म्हणजे बरोब्बर राज्याचं नाव कर्नाटक झालं त्याच दिवशी, क्विझमध्ये विचारायला एकदम भारी प्रश्न. व्ही. व्ही. एस. लक्ष्मण १९७४ चा हैदराबादचा, २००१ ला कोलकात्यात २८१ केले तेव्हा समोर कर्नाटकचा द्रविड होता, आणि ती बॅटिंग बघताना गल्लीत टीव्हीसमोर बसलेल्यांना कोण कुठल्या राज्याचा हे आठवलं नव्हतं. मृत्यूंमध्ये बंगाली लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय (१९५०) आणि कवी एझरा पाउंड (१९७२).

तारीख इंग्रजी आणि सण तिथीवर, त्यामुळे मधनंच काळा दिन दिवाळीतच येतो. २००५ ला आला, २०१६ ला भाऊबीज त्याच दिवशी, आणि २०२४ ला तर लक्ष्मीपूजन. अशा वर्षी घरातली बायका-माणसं म्हणतात सणाचं काळं घालू नको रे, मग पोरं नवा शर्ट घालून वर काळी फीत बांधतात आणि फेरी करून दुपारी फराळाला घरी येतात.