चार आण्यांची पावती : काँग्रेस गावापर्यंत पोचली ती कशी

काँग्रेसचा इतिहास सांगायला बसलं की अध्यक्षांची नावं आणि ठरावांच्या तारखा पुढे येतात. माझ्या मते या पक्षाची खरी ताकद एका साध्या पावतीत होती. वर्षाला चार आणे भरायचे, पक्षाचं ध्येय मान्य आहे म्हणून सही करायची, की झालात सभासद. ही पावती आली १९२० मध्ये. त्याआधीची पस्तीस वर्षं काँग्रेस फार निराळी होती.

पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं. सार्वजनिक सभा या तिथल्या संस्थेनं तयारीही केली होती, पण ऐन वेळी शहरात पटकी (कॉलरा) पसरली आणि २८ डिसेंबर १८८५ रोजी मंडळी मुंबईत गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमली. प्रतिनिधी ७२, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. बहुतेक वकील, संपादक, व्यापारी. भाषणं इंग्रजीत. पुढेही दर नाताळात मोठ्या शहरात मंडप पडायचा, ठराव व्हायचे, सरकारकडे अर्ज जायचे आणि उरलेलं वर्षभर फारसं काही घडायचं नाही. १८९७ मध्ये अमरावतीच्या अधिवेशनात बंगालचे अश्विनीकुमार दत्त यांनी या प्रकाराला ‘तीन दिवसांचा तमाशा’ म्हटलं. शब्द झोंबणारा होता, पण खरा होता. १९०७ मध्ये सुरतेला जहाल-मवाळ फुटले, १९१६ मध्ये लखनौला पुन्हा एक झाले. तरीही खेड्यातल्या माणसानं काँग्रेसमध्ये यायचं ठरवलं तर नेमकं कुठल्या दारातून यायचं, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

ते दार नागपूरला उघडलं. डिसेंबर १९२० चं हे अधिवेशन असहकाराच्या ठरावामुळे लक्षात राहिलं आहे. पण त्याच मंडपात नवी घटना मंजूर झाली आणि दूरचा परिणाम तिचाच जास्त झाला. मसुदा गांधीजींचा. सोबतीला टिळकांच्या बाजूनं न. चिं. केळकर आणि चित्तरंजन दासांच्या बाजूनं आय. बी. सेन होते. या समितीची एकत्र बैठक कधी झालीच नाही, सगळा विचारविनिमय टपालानं झाला. टिळक मात्र ऑगस्टमध्येच गेले होते.

या घटनेनं तीन गोष्टी केल्या. चार आण्यांचं सभासदत्व आणलं. वर्षभर काम पाहणारी १५ जणांची कार्यसमिती नेमली. आणि इंग्रजांच्या प्रांतांच्या सीमा बाजूला ठेवून भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या केल्या. सरकारी नकाशात मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कानडी, सिंधी सगळे एकत्र कोंबलेले होते. काँग्रेसच्या नकाशात महाराष्ट्र वेगळा झाला, मुंबई शहर वेगळं, वऱ्हाड वेगळा, मध्य प्रांतातला मराठी भाग वेगळा. तालुक्याच्या सभेत मराठीतून बोलणारा माणूस पुढारी होऊ शकतो, ही गोष्ट तिथून सुरू झाली. पुढच्या वर्षी बेझवाड्याला (आजचं विजयवाडा) एक कोटी सभासद आणि टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. सभासद त्याच्या जवळपासही गेले नाहीत, पण पैसे मात्र कोटीच्या वर जमले.

सोळा वर्षांनी या सगळ्याचं फळ खानदेशात डोळ्यांना दिसलं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, पूर्व खानदेशातल्या (आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या) एका गावात, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. आग्रह गांधीजींचा होता, आणि ते स्वतः १९३४ पासून पक्षाचे चार आण्यांचेही सभासद नव्हते! स्वागताध्यक्ष शंकरराव देव. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी खानदेश पायाखाली घालत होते. मंडपाचं काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे दिलं होतं. शहरातून भारी कापड, झुंबरं आणायची नाहीत, गावात मिळेल त्यातच सजवायचं, ही अट. त्यांनी बांबू, चटया, टोपल्या असल्या वस्तूंतून ‘टिळकनगर’ उभं केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या सजवलेल्या रथातून निघाली. ध्वजारोहणाला झेंडा वर जाताना मध्येच अडकला. दोऱ्या ओढून होईना. तेव्हा जमावातला एक तरुण पुढे झाला, त्या उंच खांबावर सरसर चढला, गाठ सोडवली आणि खाली उतरला. गावात अधिवेशन घ्यायचं म्हणजे काय, हे मला या एका प्रसंगातून जितकं कळतं तितकं कुठल्याही अध्यक्षीय भाषणातून कळत नाही.

फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला : खंड (कुळानं मालकाला द्यायचं भाडं) आणि सारा (सरकारी जमीन महसूल) कमी करा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना माफी द्या, कर्जाचा बोजा हलका करा, वेठबिगार बंद करा. दोन महिन्यांनी प्रांतिक निवडणुका होत्या. काँग्रेसनं त्यात मोठं यश मिळवलं आणि जुलै १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले केशवराव जेधे तोवर काँग्रेसमध्ये रुळले होते. बहुजन शेतकरी समाज पक्षात आला तो त्यांच्यासारख्यांच्या मागून, आणि हे श्रेय जेध्यांना मोकळेपणानं द्यायला हवं. सत्ता आल्यावर सभासद भराभर वाढले. खोट्या नावांच्या पावत्याही फाटू लागल्या, आणि गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्याबद्दल जाहीर नाराजी मांडली.

स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या घटनेतलं भाषावार प्रांतांचं तत्त्व पक्षाला अडचणीचा वाटू लागला. नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनं १९४९ मध्ये भाषावार प्रांतरचना लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. ज्या पक्षानं आम्हाला आधी स्वतःच्या नकाशात महाराष्ट्र दाखवला, त्याच पक्षाच्या सरकारशी मराठी माणसाला झगडावं लागलं. शंकरराव देव, फैजपूरचे तेच, मराठी राज्याची मागणी करणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष होते. जेधे आणि शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला, पुढे जेधे काँग्रेसमध्ये परतले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. नंतर यशवंतराव चव्हाणांनी गावागावांतली ती जुनी कार्यकर्त्यांची फळी सहकारी संस्थांत आणि १९६२ पासून जिल्हा परिषदांत बसवली. महाराष्ट्रात काँग्रेस इतकी वर्षं टिकली ती या जाळ्यावर.

पण चार आण्यांच्या पावतीचा एक अर्थ असा होता की सभासदाला मत आहे. तालुक्याचा पदाधिकारी तो निवडतो, तालुका जिल्ह्याचा, जिल्हा प्रांताचा. इंदिरा गांधींच्या काळात पक्ष १९६९ मध्ये फुटला, त्यानंतर १९७२ पासून हे थांबलं. प्रदेशाध्यक्ष दिल्लीहून नेमले जाऊ लागले. थेट वीस वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, तिरुपतीच्या अधिवेशनात तेव्हाचे पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली कार्यसमितीची पुन्हा निवडणूक झाली. निवडून आलेल्यांत शरद पवार आणि अर्जुनसिंह होते. या यादीत दलित नाही, आदिवासी नाही, स्त्री नाही, असं रावांनी दाखवून दिलं. ते खरंच होतं. त्यावर निवडून आलेल्या सर्वांचे राजीनामे घेतले गेले आणि पवार, अर्जुनसिंह पुन्हा समितीत आले, ते अध्यक्षांनी नेमलेले सदस्य म्हणून.