जाहीर पाठिंबा वेगळा, फुटलेलं मत वेगळं

सप्टेंबर 2024 मध्ये डिक चेनी यांनी जाहीर केलं की आपलं मत कमला हॅरिस यांना. अमेरिकेचे माजी रिपब्लिकन उपाध्यक्ष, बुश यांच्या काळातले सगळ्यात वजनदार गृहस्थ, आणि मत डेमोक्रॅटिक उमेदवाराला! सोलापुरात नव्या पेठेत चहा पिता पिता ही बातमी निघाली की एक शेरा ठरलेला, ‘म्हणजे क्रॉस व्होटिंगच की हे!’ शेरा मारणारे राजकारणात मुरलेले असतात, तरी हे बरोबर नाही. दोन्हीकडे पक्षाची रेघ ओलांडली जाते, एवढंच काय ते साम्य.

चेनींनी केला तो जाहीर पाठिंबा. त्यात मत एकच, त्यांचं स्वतःचं. बाकी सगळा खेळ नावाचा. ‘या माणसाने असं म्हटलं’ हे ऐकून काठावरचे मतदार हलतील, ही अपेक्षा. म्हणून तो गुपचूप देऊन उपयोगच नसतो. कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबर 2008 मध्ये टीव्हीवर बसून ओबामांना पाठिंबा दिला. बुश यांचे परराष्ट्रमंत्री राहिलेला माणूस हे बोलतोय, यातच त्याचा जोर होता. बोलून झाल्यावरही ते रिपब्लिकनच म्हणवत राहिले. झेल मिलर यांचा किस्सा तर आणखी भारी. 1992 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बीजभाषण त्यांचं. 2004 मध्ये त्याच सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं, तर बुशसाठी बीजभाषणही त्यांचंच! आणि तेव्हा ते डेमोक्रॅटिक पक्षाचेच सिनेटर होते.

आपल्याकडे असलं काही घडत नाही, असं समजू नका. नोव्हेंबर 2024 ची विधानसभा आठवा. दक्षिण सोलापुरात महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार होता ठाकरेंच्या शिवसेनेचा. काँग्रेस त्याच आघाडीत. तरी ऐन मतदानाच्या दिवशी सुशीलकुमार शिंदे आणि प्रणिती शिंदे यांनी पाठिंबा जाहीर केला अपक्ष धर्मराज काडादींना. शिवसेनेचा संताप झाला, आणि निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख. तो पाठिंबा योग्य होता की नाही यावर सोलापुरात अजूनही दोन तट पडतील. पण कुणी दिला, कुणाला दिला, यावर वाद नाही. सगळं उघड्यावर झालं.

आता दुसरी गोष्ट, फुटलेलं मत, म्हणजेच क्रॉस व्होटिंग. पक्षाने ठरवलेला उमेदवार सोडून गुपचूप दुसऱ्यालाच दिलेलं मत. यासाठी भारताची राष्ट्रपतिपदाची निवडणूकच बघायला हवी, कारण तिथे मतदार आपण नसतो. खासदार आणि आमदार असतात. निवडून आलेलेच बरं का. विधान परिषदेच्या आमदाराला तिथे मत नाही. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य होतं 175, खासदाराचं 700. म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या 11 आमदारांची बेरीज 1,925. खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी. पेनसुद्धा स्वतःचा चालत नाही, जांभळ्या शाईचा निवडणूक आयोगाचाच घ्यायचा, आणि नावापुढे 1, 2 असा पसंतीचा आकडा लिहायचा.

हे सगळं इतकं सांगायचं कारण, मत फुटतं ते याच गुप्ततेत. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकावी लागते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत बरोबर उलटं, दाखवली तर मत बाद. 2012 मध्ये मुलायमसिंह यादवांनी चुकून प्रणव मुखर्जींविरुद्धचे उमेदवार पी. ए. संगमा यांच्या नावापुढे खूण केली, लक्षात आल्यावर ती मतपत्रिका फाडली आणि दुसरी मागून घेतली. पुढे आयोगाने त्यांचं मत बाद ठरवलं. इथे पक्षाला व्हिपही, म्हणजे सक्तीचा आदेशही, काढता येत नाही, आणि वेगळं मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकीही जात नाही. तेव्हा ‘गद्दारी केली, आता अपात्र होणार’ ही चर्चा इथे फुकटची.

गोंधळ वाढतो तो मधल्या प्रकारामुळे. पक्षच्या पक्ष उघडपणे पलीकडच्या उमेदवारामागे उभा राहतो. 2007 मध्ये शिवसेना भाजपबरोबर असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटलांच्या बाजूने गेली, 2012 मध्ये पुन्हा प्रणव मुखर्जींच्या. याला क्रॉस व्होटिंग म्हणणं चूक. तो जाहीर पाठिंबाच. फक्त चेनींच्या पाठिंब्यात नुसता शब्द होता आणि इथे शब्दाबरोबर मोजून मतंही येतात.

2022 मध्ये तर सांगोल्यानेच हा फरक दाखवून दिला. ‘काय झाडी, काय डोंगर’वाले शहाजीबापू गुवाहाटीला गेले ते जूनमध्ये. ते बंड, आणि त्यावरून अपात्रतेची लढाई थेट सर्वोच्च न्यायालयात. महिनाभरातच, 18 जुलैला, राष्ट्रपतींसाठी मतदान आलं. त्याआधी 12 जुलैला उद्धव ठाकरेंनी द्रौपदी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. आघाडीतले दोन्ही मित्रपक्ष यशवंत सिन्हांच्या मागे असताना! एकमेकांचं तोंड न बघणारे शिवसेनेचे दोन्ही गट त्या दिवशी एकाच उमेदवाराच्या बाजूला. पक्ष फुटला होता, पण याला मत फुटलं म्हणता येत नाही.

या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या त्या 1969 मध्ये, आणि माझ्या मते तेवढी रंगलेली राष्ट्रपतिपदाची निवडणूक पुन्हा झाली नाही. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही खुद्द इंदिरा गांधींची. मग काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलले. त्या पक्षांचा उमेदवार होता आपला मराठी माणूस, चिंतामणराव देशमुख. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी, हा हिशेब. इंदिराबाईंना हेच निमित्त पुरलं. त्यांनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं आवाहन केलं. अपक्ष व्ही. व्ही. गिरींना मत द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. हा ना धड पाठिंबा, ना धड मौन. पहिल्या पसंतीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, म्हणून मागे पडलेल्यांची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळवली गेली. देशमुखांच्या 1,12,769 मतमूल्यातली दुसरी पसंती बरीचशी रेड्डींकडे गेलीही, तरी गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निसटते जिंकले. वर्ष संपायच्या आत काँग्रेसचे दोन तुकडे झाले.

पॉवेल किंवा चेनी हयात असताना त्यांना त्यांच्या बोलण्याचा जाब विचारता येत होता. फुटलेल्या मताबद्दल कुणाला विचारणार? निकाल राज्यवार लागतो, त्यामुळे ‘आमच्याकडची इतकी फुटली’ असे आकडे लगेच फिरू लागतात. ते पक्षांच्या संख्याबळावरून काढलेले अंदाज असतात. 2022 मध्ये महाराष्ट्रातून मुर्मूंना 181 आमदारांची मतं पडली आणि सिन्हांना 98. सोलापूरच्या 11 जणांपैकी कोण कुठल्या आकड्यात, हे त्या कागदावर कुठेच नाही.