‘फक्त दोन’ आणि ‘दोन किंवा पुढची’: ओपनएसएसएल बदलताना अडवणारे शब्द

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती काट्यावर चढली की वजनाचा आकडा एका छोट्या डब्यातून आडतीच्या दुकानातल्या कंप्युटरवर जातो. डब्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कंप्युटर आहे. त्यावरचा प्रोग्राम आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात लिहितो आणि तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. आकड्यात वाटेत कुणी हात घालू नये म्हणून तो टीएलएसमधून, म्हणजे कुलूपबंद होऊन जातो, आणि टीएलएसचं काम ओपनएसएसएल करतं. ही दुसऱ्यांनी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड.

२०२३ च्या ऑक्टोबरात रास्पबेरी पायची नवी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) आली, डेबियन १२ या लिनक्सवर उभी असलेली. आधीच्या ओएसमध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, हिच्यात ३.०. मूळ प्रकल्पाकडून १.१.१ ला मिळणाऱ्या जाहीर दुरुस्त्या ११ सप्टेंबर २०२३ ला थांबल्या होत्या. डेबियन आपल्या जुन्या आवृत्तीला स्वतः ठिगळं लावत होतं, पण ठिगळांवर किती दिवस काढणार? कोडचं काम दोन दिवसांत उरकलं. अडलं लायसन्सपाशी, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरायचा आणि वाटायचा या कागदापाशी.

आमच्यातला सगळ्यात लहान गडी म्हणाला, “भैया, आपलं जीपीएल दोन, ओपनएसएसएलचं आता अपाची दोन. दोनाला दोन जुळलं की!”

मी हसलो, पण त्याच्या जागी मीही एकदा हेच बोललो असतो. अपाची २.० हे २००४ चं, जीपीएल २ हे १९९१ चं. आकडा सारखा असला तरी त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही, आणि ती दोन्ही एकमेकांत बसतही नाहीत. अपाचीत पेटंटबद्दलची एक अट आहे: तुम्ही पेटंटचा दावा ठोकलात तर तुम्हाला दिलेला पेटंट-हक्क जातो. जीपीएल २ म्हणतं, माझा कोड जोडून जो अख्खा प्रोग्राम बनतो तो माझ्याच अटींवर द्या, माझ्यापेक्षा जास्तीची एकही अट वर लादायची नाही. म्हणून जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० जीपीएल २ शी जुळत नाही. २००७ च्या जीपीएल ३ शी मात्र जुळतं.

म्हणजे प्रश्न उरला एकच: आमचं जीपीएल २ नेमकं कोणतं? कारण जीपीएल २ वापरणारे लोक दोन प्रकारे लिहितात. एक, ‘फक्त आवृत्ती २’. दुसरं, ‘आवृत्ती २ किंवा तुमच्या मर्जीनं पुढची कोणतीही’. दुसऱ्या प्रकारात घेणारा म्हणू शकतो, मी ३ धरतो. मग ओपनएसएसएल ३.० जोडायला वाट मोकळी. पहिल्या प्रकारात ती वाट बंद. लिनक्स कर्नल याच पहिल्या प्रकारातलं.

गोंधळ होतो तो दोन्ही प्रकार दिसायला अगदी जुळे असल्यामुळे. कॉपीइंग नावाच्या फाइलीत जीपीएलचा जो लांबलचक मजकूर असतो, तो दोन्हीकडं अक्षरशः तोच. ती फाइल कितीही वेळा वाचा, फरक सापडायचा नाही. उलट त्या मजकुराच्या शेवटी ‘आपल्या प्रोग्रामला हे लायसन्स कसं लावावं’ असं एक परिशिष्ट आहे, आणि त्यातल्या नमुन्यात ‘ऑर एनी लेटर व्हर्जन’ हे शब्द आहेत. तो नमुना बघून ‘आपलं किंवा-पुढचीवालंच आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे मी पाहिलेत. नमुना म्हणजे संमती नव्हे. कोऱ्या साठेखतात खरेदीदाराची जागा मोकळी असते म्हणून कुणी जमिनीचा मालक होत नाही. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या पानावरही दोन्हींसाठी एकच पाटी दिसते: जीपीएल-२.०.

खरं उत्तर असतं प्रत्येक सोर्स फाइलीच्या डोक्यावरच्या चार ओळींत. अलीकडं तिथं एसपीडीएक्सचा, म्हणजे लायसन्सची नावं ठरावीक रूपात लिहायच्या पद्धतीचा, एका ओळीचा टॅग लावतात, ‘जीपीएल-२.०-ओन्ली’ किंवा ‘जीपीएल-२.०-ऑर-लेटर’. आधी या टॅगांची रूपं नुसतं ‘जीपीएल-२.०’ आणि ‘जीपीएल-२.०+’ अशी होती. एका अधिकच्या चिन्हावर सगळं टांगलेलं, म्हणून ती बदलली. बरं केलं.

आम्ही ग्रेप मारला, म्हणजे सगळ्या फाइलींत हे शब्द शोधले. एक्केचाळीस फाइलींवर ‘किंवा पुढची’. बेचाळिसावी होती सीरियल पोर्टवरून काट्याचा आकडा वाचणारी, कुणीतरी कधीतरी दुसऱ्या एका प्रोग्राममधून उचललेली. तिच्यावर ‘व्हर्जन २’ एवढंच, पुढं पूर्णविराम. दुधात मिठाचा खडा. सगळं मिळून जो प्रोग्राम बनतो तो मग ‘फक्त दोन’चाच.

इथं एक जुनी गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचा फास दिसत नाही. ३.० च्या आधी ओपनएसएसएलवर दोन लायसन्सं एकदम लागू होती, ओपनएसएसएलचं आणि ते ज्यातून निघालं त्या एसएसएलईएवाय या जुन्या लायब्ररीचं. ‘हे किंवा ते’ नव्हे, ‘हेही आणि तेही’. दोन्हींत जाहिरातीची अट: या लायब्ररीच्या गुणांचा उल्लेख कराल तिथं ठरलेलं श्रेयवाक्य छापा. ही अट जीपीएलच्या कुठल्याच आवृत्तीत बसत नव्हती, त्यामुळे तेव्हा ‘किंवा पुढची’वाल्यांनाही सुटका नव्हती. म्हणून बऱ्याच प्रकल्पांनी स्वतःच्या लायसन्सला एक सूट जोडली की ओपनएसएसएलशी जोडायला आमची हरकत नाही.

आता फास बघा. अशा कित्येक सुटींच्या शब्दांत ‘ओपनएसएसएल किंवा एसएसएलईएवाय लायसन्सखालचे भाग असलेली लायब्ररी’ असं लिहिलेलं असतं. ७ सप्टेंबर २०२१ ला ३.० आलं ते अपाची लायसन्सखाली. नाव तेच, कागद बदलला. जुन्या कागदाकडं बोट दाखवणारी सूट नव्या लायब्ररीला लागू पडेल असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आमच्या त्या बेचाळिसाव्या फाइलीला अशीच सूट होती. आधी आनंद झाला, मग नीट वाचली.

कुणी म्हणेल, जीपीएल २ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररींना सवलत आहे ना? आहे. पण तो भाग प्रोग्रामसोबतच दिला जात असेल तर ती लागू नाही, हेही तिथंच लिहिलंय. आणि आम्ही आडत्याला एसडी कार्ड देतो. त्याच कार्डावर ओएस, तिथंच लायब्ररी, तिथंच प्रोग्राम. नुसतं स्वतःच्या टेबलावर चालवलं असतं तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, जीपीएलच्या या अटी दुसऱ्याला प्रत देताना लागतात.

मग मूळ लेखकाकडून परवानगी? लेखक एकच असता तर मागितली असती. पण त्या फाइलीत वर्षानुवर्षं अनेकांनी बदल केलेले. आपल्याकडं सामाईक सातबाऱ्यावर चौदा नावं असतात, तीन पुण्यात, एक वारलेला, एकाचा पत्ताच नाही, आणि अख्खी जमीन विकायला सह्या सगळ्यांच्या लागतात, तसंच हे. ओपनएसएसएलला स्वतःचं लायसन्स बदलताना हेच करावं लागलं. २०१७ मध्ये त्यांनी सुमारे ४०० जणांना संमती मागायला सुरुवात केली. ओपनएसएसएल वापरणारा ओपनव्हीपीएन हा प्रोग्राम जीपीएल २ वरच राहिला, पण त्यांनी अपाचीवाल्या लायब्ररींसाठी नवी सूट जोडली. ते काम २०२४ च्या २.६.९ मध्ये पुरं झालं, आणि ज्या कोडला संमती मिळाली नाही तो काढून टाकला किंवा नव्यानं लिहिला.

लायब्ररीच बदलायचा पर्यायही होता. एम्बेड टीएलएस ही टीएलएसचंच काम करणारी दुसरी लायब्ररी. ती २०२३ पासून ‘अपाची २.० किंवा जीपीएल २ व पुढची’ अशी दुहेरी मिळते, आणि इथला ‘किंवा’ खरोखरचा किंवा आहे, आपल्याला हवं ते धरा. ‘फक्त दोन’वाल्यांना ती चालते. पण आमच्या कोडमधले ओपनएसएसएलला केलेले कॉल उपटून दुसऱ्या लायब्ररीचे बसवायचे म्हणजे हंगामाच्या तोंडावर बैल बदलण्यासारखं.

आम्ही ती एक फाइलच टाकली. ज्यानं ती कधी उघडूनही पाहिली नव्हती अशा गड्याला काट्याच्या इंडिकेटरचं मॅन्युअल दिलं आणि नव्यानं लिहायला सांगितलं. दोन संध्याकाळी, १८० ओळी. आता सोर्स ‘दोन किंवा पुढची’, पण कार्डावरचा तयार प्रोग्राम ओपनएसएसएल ३.० सकट जातो म्हणून तो जीपीएल ३ च्या अटींवर जातो. रीडमीत तसं लिहिलं आणि कार्डासोबतच्या कागदावरही.

तो कागद वाचून आडत्यानं विचारलं, “हे तीन काय? काट्याचा भाव वाढला का?”